प्रकाशाचा वैद्य : नील्स फिन्सेन

नववी-दहावीच्या वयात पुष्कळ मुलामुलींचा चेहरा तेलकट होऊ लागतो. कपाळावर, नाकावर आणि गालांवर मुरूम येतात. कोणी दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड धुतो, कोणी मुलतानी माती लावून पाहतो. कोणी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो, तर एखादी मुलगी ओढणी गालापर्यंत ओढून घेते. चेहरा लपवावासा वाटणे हे किती मोठे दुःख आहे, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते.

त्वचेला आपण उर्दूत जिल्द म्हणतो. या त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. मूल वयात येऊ लागले की त्या जास्त तेल तयार करतात. तेल त्वचेचे रक्षण करते, म्हणून तेलकट चेहरा हा काही रोग नव्हे. पण ग्रंथीचे तोंड बंद झाले आणि आत जंतू वाढले की मुरूम येतो. त्यावर मलमे आहेत, गोळ्या आहेत. शिवाय आज त्वचारोगांचे डॉक्टर काही रोग्यांना निळ्या किंवा लाल दिव्यासमोर बसवूनही उपचार करतात.

दिव्याच्या उजेडाने चेहरा बरा करायचा, ही कल्पना कोणाची? हा पाठ त्या माणसाचा आहे. त्याचे नाव नील्स रायबर्ग फिन्सेन.

उजेडाचे मोल आपल्या भागाला नवे नाही. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वानलेसवाडी आहे. तेथेही क्षयरोग्यांसाठी मोठे रुग्णालय उभे राहिले. क्षयावर औषध नव्हते, त्या काळात विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा आणि ऊन यांवरच रोग्यांची भिस्त असे. फुप्फुसांचा क्षय आपल्याला माहीत असतो. पण हाच क्षय माणसाच्या चेहऱ्यावरही होतो, हे थोड्यांनाच माहीत असेल. फिन्सेन यांनी झुंज दिली ती या दुसऱ्या क्षयाशी.

युरोपच्या उत्तरेला अटलांटिक महासागरात फेरो नावाची लहान लहान बेटे आहेत. ती डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. तेथे वारा फार आणि ढगही फार. ऐन हिवाळ्यात आपल्या साताऱ्यात अकरा तासांचा दिवस असतो, तर तेथे सूर्य पाचएक तासांतच मावळतो. अशा या अंधाऱ्या मुलखात १५ डिसेंबर १८६० रोजी नील्सचा जन्म झाला. त्याचे वडील बेटांचे प्रमुख सरकारी अधिकारी होते. त्यांचे घराणे मूळचे आइसलँडचे. नील्स चार वर्षांचा असताना त्याची आई वारली.

पुढे त्याला डेन्मार्कमधील एका निवासी शाळेत घातले. तेथे त्याची प्रगती बेताचीच होती. मुलगा मनाने चांगला आहे, पण त्याची बुद्धी बेताची आहे आणि अंगात उत्साह नाही, असे त्याच्या मुख्याध्यापकांचे मत पडले. वडिलांनी त्याला तेथून काढले आणि १८७६ साली आइसलँडमधील रेक्याविकच्या शाळेत पाठवले. स्वतः वडीलही त्याच शाळेत शिकले होते. तेथून नील्स १८८२ साली उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याचे वय एकवीस होते. पंधरा मुलांत त्याचा अकरावा क्रमांक आला. गुणपत्रिका पाहून कोणी या मुलाचे भविष्य सांगितले असते, तर ते साफ चुकले असते.

त्याच वर्षी तो कोपनहेगनच्या विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकू लागला. एक वर्ष गेले आणि त्याच्या प्रकृतीने दगा दिला. हृदय, यकृत आणि प्लीहा यांच्यावर जे पातळ पडदे असतात, ते त्याच्या शरीरात हळूहळू जाड होऊ लागले. पोटात पाणी साठू लागले. थोडे चालले तरी थकवा येई. या रोगावर इलाज नव्हता. वयाच्या तेविसाव्या वर्षी जडलेल्या या दुखण्याने शेवटपर्यंत त्याची पाठ सोडली नाही.

अशा स्थितीतही फिन्सेन यांनी अभ्यास पुरा केला आणि १८९० साली ते डॉक्टर झाले. विद्यापीठातच शरीररचना शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. ते राहत ते घर उत्तरेकडे तोंड करून होते, त्यामुळे खोलीत ऊन येत नसे. अंगात रक्त कमी, सदा थकवा. आपल्याला ऊन मिळाले तर बरे वाटेल, असे त्यांच्या मनाने घेतले. संधी मिळाली की ते उन्हात जाऊन बसत आणि त्यांना बरे वाटे. पण बरे का वाटते, हे पुस्तकांत कोठेच सापडत नव्हते.

एके दिवशी खिडकीतून त्यांना समोरच्या छपरावर एक मांजर उन्हात पडलेले दिसले. सावली सरकत मांजरापर्यंत आली, की ते उठे आणि पुन्हा उन्हात जाऊन बसे. असे ते वारंवार करत राहिले. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. थंडीच्या सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी कोणत्याही गल्लीत ते दिसते. आपण पाहतो आणि पुढे जातो. फिन्सेन मात्र थांबले. या मुक्या प्राण्याला उन्हातून काय मिळते, हा प्रश्न त्यांनी मनात धरला आणि तो आयुष्यभर सोडला नाही.

ते लहान लहान प्रयोग करू लागले. सूर्याचा प्रकाश पांढरा दिसतो, पण त्यात इंद्रधनुष्याचे सगळे रंग असतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही असतात. फिन्सेन यांनी एका पेटीवर वेगवेगळ्या रंगांच्या काचा बसवल्या आणि आत गांडुळे सोडली. गांडुळे निळ्या काचेखालून निघून लाल काचेखाली जाऊ लागली. निळा प्रकाश त्यांना सोसत नव्हता, लाल सोसत होता. याचा अर्थ प्रकाशाच्या प्रत्येक रंगाचा गुण निराळा होता.

दुसरा प्रयोग त्यांनी स्वतःच्या हातावर केला. हातावर काळ्या शाईचा रुंद पट्टा ओढून ते कडक उन्हात बसले. नंतर शाई पुसली, तर तिच्याखालची त्वचा जशीच्या तशी गोरी होती आणि आजूबाजूची भाजून लाल झाली होती. काही दिवसांनी ती लाल त्वचा सावळी झाली. मग शाई न लावता ते पुन्हा उन्हात बसले. या वेळी आधीचा गोरा पट्टाच भाजला आणि सावळ्या झालेल्या त्वचेला काही झाले नाही. त्वचेचा काळा-सावळा रंग हे उन्हापासून मिळालेले कवच आहे, हे त्यांनी आपल्या हातावर पाहिले. आपल्याकडे सावळ्या रंगावरून मुलींना बोलणारी माणसे आजही भेटतात. त्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

१८९३ साली फिन्सेन यांनी देवीच्या रोगावर एक लेख लिहिला. या रोगाला आपण चेचक म्हणतो. त्यातून माणूस वाचला तरी चेहऱ्यावर कायमचे खड्डे राहत. रोग्याला लाल पडद्यांच्या खोलीत ठेवले, तर निळे-जांभळे किरण त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत आणि व्रण कमी राहतील, असे त्यांनी सुचवले. काही डॉक्टरांनी तसे करून पाहिले आणि आरंभी चांगले अनुभवही सांगितले. पुढे मात्र हा उपाय कसोटीला उतरला नाही. देवीचा रोग लाल पडद्यांनी गेला नाही. तो लसीने गेला आणि १९८० साली जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मोठ्या माणसांचेही अंदाज चुकतात, हे आपण लपवू नये.

पण या लेखामुळे लोकांचे लक्ष फिन्सेन यांच्याकडे वळले. त्याच वर्षी त्यांनी विद्यापीठातील कायमची नोकरी सोडली. वर्षभरापूर्वीच इंगेबोर्ग नावाच्या तरुणीशी त्यांचे लग्न झाले होते. घरात आजारपण, मिळकत थोडी. विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेऊन ते घर चालवत आणि उरलेला सगळा वेळ प्रकाशाच्या अभ्यासाला देत.

निळे-जांभळे किरण त्वचेला भाजतात आणि जंतूंनाही मारतात, हे आता ठाऊक झाले होते. मग या किरणांनी त्वचेतला रोगच का जाळू नये? येथे त्यांच्या डोळ्यांपुढे चेहऱ्याचा क्षय आला. त्या काळी युरोपात हा रोग पुष्कळ होता. त्याच्या नावात लुपस हा शब्द आहे. लॅटिन भाषेत लुपस म्हणजे लांडगा. लांडग्याने लचके तोडावेत तसा हा रोग गाल, ओठ आणि नाक खात जाई. वीस-वीस वर्षे तो बरा होत नसे. डॉक्टर तो भाग कापत, खरवडत किंवा जाळत, आणि रोग शेजारून पुन्हा डोके वर काढी. रोग्याचा जीव लवकर जात नसे, पण काम जाई, सोबत जाई, लग्न मोडे. लोक त्याला पाहून तोंड फिरवत. तोही चेहऱ्याला फडके बांधून अंधारात बसे.

मोगेन्सन नावाचा एक इंजिनिअर आठ वर्षांपासून या रोगाने त्रासला होता. सगळे उपाय थकले होते. नोव्हेंबर १८९५ मध्ये तो फिन्सेन यांच्याकडे उपचाराला तयार झाला. कोपनहेगनच्या वीजकंपनीत एक जागा मिळाली. तेथे कर्बाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून झगझगीत प्रकाश देणारा दिवा होता. मोगेन्सनला रोज त्या दिव्यापुढे बसवण्यात आले. दिवसांमागून दिवस गेले. हळूहळू जखमा सुकू लागल्या. काही महिन्यांत रोग हटला आणि आठ वर्षे जे झाले नव्हते ते झाले.

हे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात अडचणी फार होत्या. पहिली अडचण उष्णतेची. भिंगाने ऊन एकवटले की कागद पेटतो, मग गालाचे काय होईल? म्हणून फिन्सेन यांनी प्रकाश पाण्यातून जाऊ दिला. पाणी उष्णता अडवते आणि निळे किरण पुढे सोडते. उन्हाळ्यात सूर्यप्रकाश वापरताना ते पोकळ भिंग घेत आणि त्यात मोरचुदापासून केलेले निळे पाणी भरत. मोरचूद म्हणजे नीलाथोथा. तासगावच्या द्राक्षबागांत फवारणीच्या मिश्रणात घालतात तोच हा पदार्थ. दिव्यासाठी त्यांनी साध्या काचेऐवजी स्फटिकाची भिंगे बसवली, कारण साधी काच पुष्कळसे अतिनील किरण अडवते.

दुसरी अडचण रक्ताची होती. फिन्सेन यांनी एका माणसाच्या कानामागे फोटोचा कागद ठेवला आणि पुढून निळा प्रकाश सोडला. पाच मिनिटे झाली तरी कागदावर काही परिणाम झाला नाही. मग कान दोन काचांमध्ये दाबून त्यातले रक्त बाजूला सारले. आता वीस सेकंदांत कागद काळा पडला. रक्त निळे किरण शोषून घेते, हे सिद्ध झाले. तेव्हापासून उपचार करताना परिचारिका स्फटिकाचे एक लहान भिंग रोग्याच्या गालावर घट्ट दाबून धरू लागली. त्या भिंगातून थंड पाणी वाहत असे. त्याने त्वचा थंड राही आणि रक्तही बाजूला होई.

१८९६ साली कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था सुरू झाली. काही उदार नागरिकांनी पैसे दिले, पुढे सरकारनेही मदत केली. एका मोठ्या दिव्याला चार नळ्या जोडलेल्या असत. चार रोगी चार बाजूंना पडून राहत. प्रत्येकाजवळ काळा चष्मा लावलेली एक परिचारिका तासभर भिंग धरून बसे. एका वेळी नाण्याएवढ्याच जागेवर उपचार होत. दुसऱ्या दिवशी शेजारची जागा. पूर्ण चेहरा बरा व्हायला कित्येक महिने लागत. यात डॉक्टरची बुद्धी होती, तितकाच त्या परिचारिकांचा धीरही होता. पहिल्या पाच वर्षांत आठशेहून अधिक रोग्यांवर उपचार झाले. त्यांतील बहुतेक बरे झाले किंवा पुष्कळ सुधारले. ज्यांनी घरातला आरसा काढून टाकला असेल, त्यांना पुन्हा आरशासमोर उभे राहता आले.

डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा इंग्लंडच्या राजघराण्यात दिलेली होती. तिने १९०० साली लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाला फिन्सेन यांचा दिवा भेट दिला. हळूहळू युरोपातील अनेक शहरांत असे दिवे लागले.

१९०३ साली फिन्सेन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे या विषयातील तिसरेच नोबेल होते. आदल्या वर्षीचे पारितोषिक रोनाल्ड रॉस यांना मिळाले होते. डासांमुळे हिवताप पसरतो, हा शोध रॉस यांनी आपल्या देशात सिकंदराबाद येथे लावला होता. पारितोषिक स्वीकारायला स्टॉकहोमला जाण्याची शक्ती फिन्सेन यांच्यात उरली नव्हती. ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते. बक्षिसाच्या रकमेचा मोठा भाग त्यांनी आपल्या संस्थेला आणि हृदय व यकृताच्या रोग्यांच्या रुग्णालयाला देऊन टाकला.

प्रकाशाने हजारोंचे चेहरे उजळले, पण फिन्सेन यांचे स्वतःचे दुखणे त्याने बरे झाले नाही. तरी ते हताश झाले नाहीत. आपले शरीर हीच त्यांनी प्रयोगशाळा केली. रोज किती खाल्ले, किती पाणी प्यायलो, किती मीठ घेतले आणि वजन किती भरले, हे ते नोंदवून ठेवत. शरीरात मीठ साठले की पाणी साठते, असे त्यांना आढळले, म्हणून त्यांनी मीठ आणि पाणी अगदी कमी केले. या नोंदींवरून त्यांनी १९०४ साली आपला शेवटचा लेख लिहिला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते.

पुढे काय झाले, हेही समजून घेतले पाहिजे. १९४० नंतर क्षयावर गुणकारी औषधे निघाली. मग चेहऱ्याच्या क्षयासाठी दिव्याची गरज उरली नाही. पण प्रकाशोपचार मागे पडला नाही. नवजात बाळाला कावीळ झाली, तर आज त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. सांगली-मिरजेच्या रुग्णालयांतही तुम्हांला हे दृश्य दिसेल. कोडाच्या पांढऱ्या डागांवरही प्रकाशाचा उपयोग होतो. त्याची मुळे तर फार जुनी आहेत. तेराव्या शतकातील अंदालुसचे थोर औषधतज्ज्ञ इब्न अल-बैतार यांनी एका वनस्पतीचे बी घेऊन उन्हात बसण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. आपल्या देशातील वैद्य आणि हकीम त्यासाठी बावची वापरत आले. फिन्सेन यांनी जुन्या अनुभवाला प्रयोगाची जोड दिली, मोजमाप दिले. म्हणून त्यांना आधुनिक प्रकाशोपचाराचे जनक मानतात.

आणखी एक नवल आहे. अतिनील किरण जंतूंना थेट मारतात, असे फिन्सेन समजत होते. २००५ साली डेन्मार्कमधीलच संशोधकांनी त्यांचे जुने दिवे आणि भिंगे तपासून पाहिली. जंतूंना सर्वांत घातक असे अतिनील किरण त्यांतून बाहेर पडतच नव्हते. मग रोगी बरे कसे झाले? क्षयाच्या जंतूंमध्ये एक रंगद्रव्य असते. ते निळा प्रकाश शोषून घेते आणि त्यातून तयार होणाऱ्या तीव्र प्राणवायूने जंतू मरतो, असे या संशोधकांना दिसून आले. म्हणजे फिन्सेन यांचा उपाय खरा होता, पण त्याचे कारण बहुधा वेगळे होते.

मुरुमांच्या जंतूंमध्येही अशाच जातीचे रंगद्रव्य असते. म्हणून निळा दिवा मुरुमांवर उपयोगी पडतो. काही वेळा डॉक्टर चेहऱ्याला एक औषध लावून वर लाल प्रकाश देतात. तो अधिक खोल जातो, त्यामुळे तैलग्रंथी काही काळ आकसतात आणि तेल कमी होते. हा गुण कायम टिकतोच असे नाही, आणि प्रत्येकाला त्याची गरजही नसते. कडक उन्हात चेहरा धरणे किंवा बाजारातून कोणताही दिवा आणून तोंडावर घेणे हा तर उपचार नव्हेच, त्याने अपायच होईल. मुरूम फार असतील तर डॉक्टरांकडे जावे, आणि मुरूम फोडू नयेत.

कोपनहेगनमध्ये १९०९ साली रुडोल्फ टेगनर या शिल्पकाराने फिन्सेन यांच्या स्मरणार्थ एक शिल्प घडवले. त्यात फिन्सेन यांचा पुतळा नाही. वर प्रकाशाकडे झेपावणारी माणसे आहेत.

ज्याला शाळेने मंद ठरवले आणि ज्याच्या शरीराने तरुणपणीच साथ सोडली, त्या माणसाने इतरांना त्यांचे चेहरे परत मिळवून दिले. तुमच्या वर्गात कोणी मान खाली घालून मागच्या बाकावर बसत असेल, तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू नका. त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही.